तैवानी कालवं-शेवया: कालवं चिवट, शेवयांचा लगदा

प्रश्न: रत्नागिरीत ताजी कालवं मिळतात, पण सूपात ती चिवट होतात नि शेवया विरघळतात. काय चुकतंय?

– कालवं सूपात उकळू नका. पाव किलो कालवं मिठाच्या पाण्यात हलक्या हाताने धुवा, शिंपल्याची कच काढा, नीट निथळा. ३ चमचे रताळ्याच्या स्टार्चमध्ये घोळवून उकळत्या पाण्यात सोडा. तरंगली, आवरण काचेसारखं दिसू लागलं की लगेच काढा. वाढताना वर घाला.

– तुमच्या शेवया पांढऱ्या असणार, म्हणून विरघळतात. तैवानात वाफवून तपकिरी केलेली मीसुआ (गव्हाची बारीक शेवई) घेतात, ती उकळूनही टिकते. खारट असते, आधी भिजवा, मीठ शेवटी.

– रस्सा सोड्यांचाही छान होतो. तो दाट करायला स्टार्च गार पाण्यात कालवून ढवळत ओता, नाहीतर गुठळ्या. वर ठेचलेला लसूण, काळं व्हिनेगर, कोथिंबीर. कोकम मात्र नको.