एकाच वेळी दोन ठिकाणी घडणारा प्रसंग – संकलनासाठी काय पाहू?

अर्धवट रीळ:
मंडळी, मोबाइलवर बारा मिनिटांची फिल्म केलीय. आई गॅसवर दूध ठेवते आणि तिचा डोळा लागतो. दूध उतू जाऊन ज्योत विझते, गॅस सुरूच. तिकडे मुलगा बसमधून घरी येतोय, येऊन बेल दाबणार. एक शॉट घरचा, एक बसचा असं लावलंय, पण ताण म्हणून येत नाही. कुणीतरी रिमोट घेऊन चॅनेल बदलत बसल्यासारखं वाटतं. काय पाहू? 'गॉडफादर'मधला बाप्तिस्मा (चर्चमध्ये विधी, बाहेर खून) सोडून सांगा, तो सगळेच सांगतात.

भोचक:
मीही तोच सांगणार :) पण या वेळी डोळे मिटून ऐका. चर्चमधला ऑर्गन आणि पाद्र्याचे प्रश्न बाहेरच्या खुनांवरही चालूच राहतात. तुम्ही प्रत्येक कटला आवाजही तोडताय, पैज लावतो.

कटिंग चहा:
आधी तुम्हाला नक्की काय हवंय ते बघा. मूकपटांच्या काळातला अमेरिकन दिग्दर्शक ग्रिफिथ, त्याचा 'अ कॉर्नर इन व्हीट' (१९०९) घ्या. गव्हाच्या सट्टेबाजाची मेजवानी आणि पावासाठी रांगेत थिजून उभे गरीब. दोन्ही एकाच क्षणी घडतंय का, याला महत्त्व नाही. शेजारी ठेवल्यावर जो अर्थ निघतो, तो महत्त्वाचा. तुमचं तसं नाही. तुमच्याकडे घड्याळ चालू आहे.

म्हणून त्याचाच, त्याच वर्षीचा 'द लोनली व्हिला' बघा. घरात बायको-मुली, दाराशी दरोडेखोर आणि दूरवर नवरा. बायकोशी फोनवर बोलताना त्याला संकट कळतं, तेवढ्यात तार कापली जाते. आता प्रश्न एकच, पोचतो का? प्रत्येक तुकडा हा प्रश्न टांगता ठेवून संपतो.

तुमची चूक बहुतेक इथेच आहे. दूध वर चढतंय तोवर बसमध्ये जा. ते उतू जाऊन सगळं शांत झाल्यावर कट केलात, तर प्रेक्षकही निवांत होतो. बसचे शॉट शेवटाकडे आखूड करत न्या. उगाच नाही, बेलच्या जवळ येताना.

सांजवात:
बेल आहे म्हणून 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज' (१९९१). न पाहिलेल्यांनी पुढे वाचू नका. एफबीआयची फौज एका घराची बेल वाजवते, खुन्याच्या तळघरात बेल वाजते, तो दार उघडतो... समोर नायिका क्लॅरिस, एफबीआयचीच प्रशिक्षणार्थी, एकटी! फौज भलत्याच घरापाशी. आलटून-पालटून दिसलं की ते एकाच जागेचं आतलं-बाहेरचं, असं आपणच धरून चालतो.

अर्धवट रीळ:
भोचक, पैज जिंकलात. बसच्या इंजिनाची घरघर स्वयंपाकघरावर ओढली, निम्मं काम झालं. खिडकीबाहेरचे चार शॉट होते, तीन उडवले (फार आवडते होते हो). दुधाचा शॉट मात्र परत घ्यावा लागणार, ज्योत विझलेली कळतच नाही.

भोचक:
घ्या, पण गॅस खरोखर सुरू ठेवून नको. आणि बेलची वायर काढून ठेवा.