मदत हवी आहे: चाबूककृमीची अंडी स्लाइडवर दिसतात, पीसीआरमध्ये मात्र गायब

शौचाच्या नमुन्यांतले आतड्यांतले जंत ओळखण्यासाठी रिअल टाइम पीसीआर (जंताच्या डीएनएच्या फेरीफेरीने प्रती वाढवून तो शोधणारी चाचणी) बसवतोय. गोलकृमी आणि अंकुशकृमी नीट पकडले जातात, घोडं अडलंय चाबूककृमीपाशी. काटो-काट्झच्या (ठरावीक वजनाची विष्ठा स्लाइडवर पसरून अंडी मोजायची पद्धत) ४१.७ मिलिग्रॅम स्लाइडवर २-३ अंडी, म्हणजे २४ ने गुणल्यास दर ग्रॅमला ४८ ते ७२. तरी पीसीआर निगेटिव्ह.

डीएनए २०० मिलिग्रॅममधून काढतो, म्हणजे त्यात साधारण १०-१५ अंडी असायला हवीत. तेव्हा नमुन्यात अंडंच आलं नाही, हे कारण दर वेळी पटत नाही. लायसिस बफरमध्ये (पेशी फोडणारं द्रावण) घातलेला इंटर्नल कंट्रोल (पीसीआरला अडथळा होतोय का ते दाखवणारा ओळखीचा डीएनए) बहुतेकांत एका सायकलपेक्षा, म्हणजे पीसीआरच्या एका फेरीपेक्षा, कमी सरकतो; म्हणजे अडथळा फारसा नाही. दोनच नमुन्यांत तो ३ सायकल उशिरा आला. डीएनए १:१० पातळ केल्यावर सुधारला, पण चाबूककृमी तरीही नाही. प्लास्मिड कंट्रोल (चाबूककृमीचा डीएनए-तुकडा असलेला मोकळा डीएनए) छान उठतो, अर्थात तो कवचात बंद नसतो, त्यामुळे ते समाधान फसवंच.

संशय कवच फुटत नसल्याचा आहे. सध्या अंडी फोडायला नमुना ०.१ मिमी काचेच्या मण्यांसोबत ३ मिनिटं जोरात हलवतो. गाळ मायक्रोस्कोपखाली पाहिला तर दोन्ही टोकांच्या बुचांसकट अख्खी अंडी तशीच!

मोठे किंवा धारदार मणी वापरून कुणाला फरक पडलाय का? प्रोटिनेज के (प्रथिनं पचवणारं एन्झाइम) मण्यांआधी की नंतर? गोठवणं-वितळवणं किती वेळा? नमुने इथेनॉलमध्ये आहेत, धुऊन घेतो. त्या धुण्यात अंडी वाहून जात असतील का? धुताना सेंट्रिफ्यूजमध्ये किती वेगाने फिरवता?