माथ्यावर केस विरळ, सून आफ्रिकन-अमेरिकन: बायोप्सी, औषधं, वेण्या, विग याबद्दल मदत हवी आहे

शेवंती
सून ३८ वर्षांची, न्यू जर्सीत असते. भोवऱ्यापाशी चारेक सेंटीमीटर जागा विरळ झाली आहे. तिथले केस तुटून आखूड राहिलेत, खाज आणि आग होते, विंचरताना दुखतं. फॅमिली डॉक्टरांनी कोंडा समजून केटोकोनॅझोलचा शाम्पू दिला, फरक नाही. पुढच्या महिन्यात त्वचारोगतज्ज्ञाची वेळ मिळाली आहे. तिला स्वतःला सीसीसीएची (माथ्यावर व्रण धरून केस कायमचे जाण्याच्या दुखण्याची) शंका आहे. तपासणीला जाताना काय तयारी करावी? तिचे केस रोज धुण्यासारखे नाहीत, मग डोक्याला औषध लावायचं कसं? आणि मी इथून माक्याचं तेल पाठवू का? (तिला विचारूनच लिहिते आहे.)

निवांत_नाना
चाई असेल. लसूण चोळा, आमच्याकडे हमखास येतात केस.

त्वचावैद्य_लेस्टर
नाना, कृपा करून नको. लसणाने कातडी भाजते, आणि ही चाई वाटत नाही. चाईत गोल, गुळगुळीत चट्टा अचानक पडतो, आग सहसा नसते आणि केसांची मुळं शाबूत राहतात. अमेरिकी काँग्रेसच्या सदस्य आयाना प्रेसली यांनी २०२० मध्ये टक्कल उघडपणे दाखवलं, ते चाईचं.

शेवंतीताई, सुनेची शंका रास्त आहे. सीसीसीए म्हणजे सेंट्रल सेंट्रिफ्युगल सिकॅट्रिशियल अलोपेशिया. माथ्यावर सुरू होऊन गोलाकार बाहेर पसरतो आणि मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या, मध्यम वयाच्या स्त्रियांत दिसतो. मुळाभोवती सूज येते, मग तिथे व्रण धरतो आणि ते छिद्र कायमचं बुजतं. माथ्यावरच केस तुटणं ही पुष्कळदा पहिली खूण असते, आणि नेमकी तीच ‘केस कोरडे झालेत’ म्हणून सोडून दिली जाते. म्हणून घाई करा. बुजलेल्या छिद्रातून केस परत येत नाही. उपचार आहेत ते उरलेले केस वाचवण्यासाठी. हे तिला आधीच स्पष्ट सांगितलेलं बरं, नाहीतर सहा महिन्यांनी औषध कुचकामी वाटून बंद होतं.

दोष कुणाचा, हा प्रश्न घरात निघतोच. १९६८ मध्ये हे दुखणं गरम कंगव्याच्या माथी मारलं होतं. पुढे कंगवा कधीच न वापरलेल्या बायकांतही ते सापडलं. २०१९ मध्ये पीएडीआय३ या जनुकातले बदल तपासलेल्यांपैकी साधारण पाव बायकांत आढळले. म्हणजे केशरचनेने भर पडू शकते, पण ‘तूच ओढवून घेतलंस’ म्हणायला जागा नाही. आई-बहिणींचे माथेही बघायला सांगा.

तपासणीला वेण्या सोडून, केस मोकळे ठेवून, तेल आणि विरळ जागा झाकायचे रंगीत तंतू न लावता जावं. वेण्या घालायला पैसे आणि अख्खा दिवस जातो, तेव्हा जुन्या काढल्यावर आणि नव्या घालायच्या आधी तपासणी बसवा. डॉक्टर डर्मोस्कोपने (त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने) केसाच्या बुडाशी राखाडी-पांढरं वलय शोधतील. बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी त्वचेचा तुकडा, ४ मिलिमीटरच्या पंचने (गोल पोकळ पात्याने), तीही कडेवरच्या, अजून केस असलेल्या जागेतून घ्यायला हवी. मधल्या गुळगुळीत जागेतून घेतली तर अहवालात नुसता ‘जुना व्रण’ येतो आणि निदान अडतं. सोबत रक्तातलं फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), ड जीवनसत्त्व आणि एचबीए१सी (साखरेची सरासरी) मागा. सीसीसीए असलेल्या बायकांत गर्भाशयाच्या फायब्रॉइडचं (गाठींचं) प्रमाण जास्त आढळलं आहे. पाळीत रक्तस्राव खूप होत असेल तर तेही सांगावं.

अमेरिकेत डॉक्टर शोधायला स्किन ऑफ कलर सोसायटी या गडद त्वचेवर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थेची यादी उपयोगी पडते. कुरळ्या केसांखालची त्वचा रोज पाहणारा डॉक्टर असला की बराच वेळ वाचतो.

शेवंती
औषधं साधारण कोणती देतात?

त्वचावैद्य_लेस्टर
क्लोबेटासोल ०.०५ टक्के (सूज उतरवणारं, लावायचं स्टेरॉइड), सुरुवातीला रोज, मग आठवड्यातून दोन-तीनदा. कडेला ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं, चार ते आठ आठवड्यांनी. त्याने तिथे खड्डा पडू शकतो किंवा त्वचा फिकी होते, आणि गडद रंगावर ते उठून दिसतं, म्हणून मात्रा विचारून घ्यावी. सूज जोरात असेल तर काही महिने डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक. ते पेलाभर पाण्याबरोबर घ्यायचं आणि लगेच आडवं व्हायचं नाही, अन्ननलिका जळते. गरोदरपणाचा विचार असेल तर आधी बोला, डॉक्सिसायक्लिन आणि मिनॉक्सिडिल (केस वाढीचं, लावायचं औषध) दोन्ही तेव्हा चालत नाहीत.

मिनॉक्सिडिल ५ टक्के सूज उतरू लागली की जोडतात. पहिल्या दोन महिन्यांत केस जास्त गळू शकतात, घाबरून सोडू नये. औषध लागू पडतंय हे आधी खाज-आग थांबण्यावरून कळतं, केसांवरून नंतर. दर तीन महिन्यांनी एकाच खिडकीपाशी, एकाच अंतरावरून, मधला भांग पाडून फोटो काढा.

कंगवा
केसांकडचं मी सांगते. तिच्यासारखे कुरळे केस चपटे आणि वळणावळणाचे असतात. प्रत्येक वळणावर ताण येतो आणि मुळाशी आलेलं तेल टोकापर्यंत उतरत नाही, म्हणून लवकर तुटतात. आपल्यासारखं एक दिवसाआड न्हाणं तिला परवडणारं नाही. आठवड्यातून एकदा किंवा दोन आठवड्यांनी धुवावे, पण त्याहून लांबवू नये. केटोकोनॅझोल चालू असेल तर फेस फक्त त्वचेला, पाच मिनिटं, मग केसांना भरपूर कंडिशनर.

औषध लिहून घेतानाच सांगायचं: अल्कोहोलचं पातळ द्रावण नको, मलम किंवा तेलातलं द्या. द्रावणाने आधीच ठिसूळ केस आणखी कडक होतात, मग बाई औषध टाळते. फ्लुओसिनोलोन या स्टेरॉइडच्या काही तेलांत शेंगदाण्याचं तेल असतं, अ‍ॅलर्जी असेल तर सांगा. लावताना केसांचे चार-सहा भाग करून, चोचीच्या बाटलीने भांगाच्या रेषेत त्वचेवर सोडायचं आणि बोटाने टेकवायचं, चोळायचं नाही. केसांवर सांडलेलं औषध वाया जातं. केस सरळ केलेले असतील तर पातळ मिनॉक्सिडिलने ते पुन्हा वळतात, ही तक्रार नेहमीची.

वेण्या पूर्ण बंद करा असं मी म्हणणार नाही. जाड आणि सैल घाला, माथा मोकळा ठेवा, सहा-आठ आठवड्यांवर ठेवू नका. वेणी घातल्यावर डोकं दुखलं किंवा कडेला पुटकुळ्या आल्या तर त्याच दिवशी सोडायची. ‘दोन दिवसांत सैल होईल’ हे कारागिराचं वाक्य ऐकायचं नाही. कपाळाच्या कडेचे केस ताणाने जातात ते दुखणं वेगळं, पण एकाच डोक्यावर दोन्ही असू शकतात. रिलॅक्सर (केस सरळ करायचं रसायन) थांबवावा. रात्री सॅटिनची टोपी.

आणि माका: पाठवा, पण टोकांसाठी. कोंडा असलेल्या त्वचेवर तेल थापलं की तिथली बुरशी त्यावरच पोसते. चंपी तर नकोच.

एडिसनकर
विग घ्यायचा झाला तर आधी विम्याला फोन करा. चिठ्ठीवर आणि पावतीवर ‘क्रेनियल प्रोस्थेसिस’ लिहून घ्या, नुसतं ‘विग’ लिहिलं की सौंदर्यप्रसाधन म्हणून नाकारतात. निदानाचा कोड एल६६.८१, विगचा ए९२८२. काही योजना फक्त केमोथेरपीसाठी देतात, नकार आल्यास डॉक्टरांच्या पत्रासह अपील करा. ऑफिसात वेण्या किंवा नैसर्गिक केसांवरून कुणी बोललं तर न्यू जर्सीत डिसेंबर २०१९ पासून केसांवरून भेदभावाला मनाई करणारा क्राउन कायदा आहे.

कंगवा
विगमध्ये गोंद आणि शिवलेल्या क्लिपा नकोत, दोन्ही उरलेले केस उपटतात. आत मखमली पट्टी लावा, रात्री विग काढा. (दुकानांतल्या ‘इंडियन हेअर’मध्ये तिरुपतीला वाहिलेले, देवस्थानाने लिलावात विकलेले केसही असतात. वाफ देऊन त्यांना कुरळेपणा आणतात.) विरळ जागेपुरतं झाकायला केराटिनचे तंतू चालतात, पण औषध सुकल्यावर. केस रोपण इतक्यात नको. किमान वर्षभर दुखणं शांत असल्याशिवाय चांगला सर्जन हात लावत नाही, आणि त्वचेखाली वळलेली मुळं काढताना तुटतात.

शेवंती
सगळं तिला इंग्रजीत पाठवलं. तिने विचारलंय, बायोप्सीनंतर वेण्या कधी घालता येतील?

त्वचावैद्य_लेस्टर
टाके साधारण सात ते चौदा दिवसांत निघतात, तोवर ती जागा वेणीत घेऊ नये. टाके निघाल्यावरही ओढ पडेल असं काही नको. आणि घालायची घाई नको, अहवाल आला की इंजेक्शनं सुरू होतील आणि डॉक्टरांना माथा परत मोकळा लागेल.