मदत हवी आहे: कायोटी हाकेला येतो, पण वास घेऊन पळतो

नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत, कॅन्ससमध्ये असतो. शेजाऱ्यांच्या कुरणात गाई विताहेत आणि कायोटी (इथले कोल्ह्या-लांडग्यासारखे रानटी प्राणी) वासरांभोवती घिरट्या घालतात, म्हणून त्यांच्या परवानगीने, लायसन्स काढून यंदा शिकार शिकतोय.

जखमी सशासारखी ओरडणारी शिट्टी फुंकतो, त्याचं लक्ष तिकडे जावं म्हणून वीस पावलांवर काठीला पिसांचा झुपका टांगतो. काल बर्फात एक आला. पण सरळ नाही. वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे वारा माझ्याकडून जिकडे वाहत होता तिकडे गेला, नाक वर केलं आणि गायब. ठसे माझ्यापासून जेमतेम सत्तर पावलांवरून परतलेले!

झुपका वाऱ्याच्या कोणत्या बाजूला लावावा? जानेवारी-फेब्रुवारी त्यांचा माजाचा काळ, मग सशाऐवजी कोल्हेकुईसारखी साद द्यावी का? मी पंधरा मिनिटांत जागा बदलतो, तिथेच चुकतंय का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगा.