मदत हवी आहे: गर्भाशयाच्या गाठीसाठी एम्बोलायझेशन कोल्हापुरात होतं का?

मोठ्या बहिणीसाठी विचारतोय. वय 44, दोन मुलं, आता मूल नको. गर्भाशयाच्या भिंतीत 8 सेंमीची फायब्रॉइडची गाठ आहे. पाळी दहा-दहा दिवस चालते. हिमोग्लोबिन 7.6 वर आलं होतं, जिना चढताना कठडा धरून दोनदा थांबायची. रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रानेक्सामिकच्या गोळ्या, हार्मोनच्या गोळ्या, लोहाची सलाइन सगळं झालं. आता 10.2 आहे, पण रक्तस्राव तसाच. गर्भाशय काढायला ती तयार नाही, आणि तिचं ऐकायलाच हवं असं मला वाटतं.

रेडिओलॉजिस्टनी दुसरा उपाय सांगितलाय, एम्बोलायझेशन: मांडीच्या किंवा मनगटाच्या रोहिणीतून बारीक नळी घालायची, गर्भाशयाच्या दोन्ही रोहिण्यांत वाळूसारखे कण सोडून गाठीचा रक्तपुरवठा बंद करायचा. कॉन्ट्रास्ट एमआरआयमध्ये गाठीला रक्त भरपूर जाताना दिसतंय. पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी), क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) नॉर्मल, मधुमेह नाही.

मेडिक्लेम नाही, रेशनकार्ड पिवळं. पुण्याला एकदा नेता येईल, सारखं नाही.

कोल्हापूर किंवा सांगली-मिरजेत हे नेहमी करणारे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट आहेत का? ज्यांच्या घरी झालंय त्यांनी सांगा, एकूण खर्च किती आला, आणि नंतरच्या कळांसाठी दवाखान्यात किती दिवस ठेवलं?