मदत हवी आहे: लोटस ४९ मोंझाच्या दुसऱ्या लेस्मोत दर वेळी गरकन फिरते

मंडळी, असेटो कोर्सा या कार रेसिंगच्या गेममध्ये गेले तीन आठवडे लोटस ४९ ही १९६७ची फॉर्म्युला वन गाडी शिकतोय आणि एका वळणावर पार अडलोय. जीटी३ गाड्या (आजच्या बंदिस्त स्पोर्ट्स रेसिंग कार) बऱ्यापैकी जमतात, म्हणून वाटलं होतं की हीसुद्धा आठवडाभरात हाताला बसेल. नाही बसली.

लॉजिटेकचं जी२९ स्टिअरिंग, त्याचेच पेडल, एच-पॅटर्न शिफ्टर (खऱ्या गाडीसारखा गिअरचा दांडा). ऑटो क्लचसकट गेमची सगळी मदत बंद. ट्रॅक इटलीतला मोंझा, १९६६चा, शिकेन (वेग कमी करायला टाकलेली नागमोडी वळणं) यायच्या आधीचा.

लेस्मो म्हणजे तिथली लागोपाठची दोन उजवी वळणं. पहिल्या लेस्मोतून बाहेर पडेपर्यंत सगळं ठीक असतं. दुसऱ्यासाठी ब्रेक मारतो, चौथ्यातून तिसरा टाकतो, उजवीकडे वळवतो. मध्यावर आलं की वाटतं वेग जास्त झाला, आता बाहेर जाणार. म्हणून ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो, आणि त्याच क्षणी मागची बाजू डावीकडे सुटते. उलटं स्टिअरिंग देतो, गाडी जरा सावरते आणि मग झटकन दुसऱ्या अंगाला फेकली जाते. काल दहा लॅपपैकी सात वेळा हेच झालं.

जेमतेम ५०० किलोची गाडी, पाठीमागे ४०० हॉर्सपॉवरच्या आसपासचं कॉसवर्थ डीएफव्ही इंजिन, आणि गाडीला हवेने खाली दाबणारे पंख नाहीत. वेग वाढला म्हणून पकड वाढणार नाही हे डोक्याला कळतं, पाय ऐकत नाही.

दुसरी गाडी घ्या असं कृपया सांगू नका. १९६७ साली मोंझाच्या शर्यतीत लोटसचा ड्रायव्हर जिम क्लार्क पंक्चरमुळे अख्खा लॅप मागे पडला होता. याच गाडीने तो भरून काढून पुन्हा पहिला आला, आणि शेवटच्या लॅपला पेट्रोल कमी पडल्यामुळे तिसरा राहिला. तेव्हापासून मनात आहे की या गाडीत, याच ट्रॅकवर सलग वीस लॅप न फिरवता पुरे करायचे.

प्रतिसाद:
तुमचं दुखणं पाय काढण्यात आहे. पाय एकदम उचलला की वजन पुढच्या चाकांवर जातं, मागची हलकी होतात, वर इंजिनही त्यांना रोखतं. ब्रेक आणि गिअर दोन्ही सरळ रस्त्यावर उरकून घ्या. गिअर उतरवताना ॲक्सिलरेटरला टिचकी द्या, नाहीतर मागची चाकं तिथेच अडकतात. वळणात शिरताना थोडं कमी वेगाने शिरा, आणि मग ॲक्सिलरेटर हलकासा दाबलेलाच ठेवा. बाहेर जातेय असं वाटलं तरी पूर्ण सोडू नका, केसभर कमी करा. मागची बाजू पकड घेऊ लागली की लगेच स्टिअरिंग सरळ करा. तुम्ही ते धरून ठेवता, म्हणून ती उलटी फेकते. गेममधल्या पेडल्स ॲपमधली फोर्स फीडबॅकची (स्टिअरिंग हाताला देतं त्या जोराची) पट्टी लाल होत असेल तर गेन, म्हणजे त्या जोराचं सेटिंग, कमी करा, नाहीतर घसरण हाताला कळणारच नाही.

आणि गाडी सोडा म्हणत नाही, पण चार दिवस लोटस २५ चालवा. दीड लिटरचं इंजिन आहे, धडा तोच, चुकलात तर सावरायला वेळ मिळतो.

मूळ प्रश्नकर्ता:
खूप आभार. पट्टी खरंच लाल होत होती. गेन कमी केल्यावर मागची बाजू सुटायच्या आधी स्टिअरिंग हलकं पडलेलं पहिल्यांदाच हाताला जाणवलं. २५ मध्ये काल सलग चौदा लॅप झाले. ४९ मध्ये दुसरं लेस्मो दहातून सहा वेळा न फिरता पार झालं, पण आता पॅराबोलिका या लॅपच्या शेवटच्या वळणातून बाहेर पडताना पॉवर एकदम येते आणि मागची चाकं घसरतात. तिथे तिसरा गिअर ठेवायचा की चौथा?