मदत हवी आहे: बहिणीच्या नावाचं बनावट खातं

मंडळी, धाकटी बहीण अकरावीला आहे, कोल्हापुरात राजारामपुरीत क्लासला केएमटीच्या बसनं जाते. कुणीतरी तिचे रंकाळ्यावरचे फोटो उचलून इन्स्टाग्रामवर तिच्या नावाचं खातं काढलंय. परवा एक पोरगा क्लासच्या दारात उभा, म्हणे ‘तूच बोलावलंस की!’ लै घाबरलीय पोरगी.

स्क्रीनशॉट, खात्याची लिंक जपून ठेवलीय, रिपोर्टही केलंय. १९३० हा नंबर पैशांच्या फसवणुकीसाठी ना? मग राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाकून थांबायचं, की थेट पोलीस ठाणं गाठायचं? ती अठराच्या आतली, तर सोबत आईवडीलच लागतात की मोठा भाऊ चालतो? आबांना अजून बोललो नाही. ते आधी तिचाच मोबाईल काढून घेतील. कुणी यातून गेलं असेल तर सांगा.